थंडीत धबधब्यावरून आणलेला कॅमेरा धुकट का होतो, आणि दुकानात आणण्याआधी घरी काय तपासायचं

मार्गशीर्ष लागला की सोमवारी सकाळी नागपुरात सीताबर्डीतल्या माझ्या कॅमेरा-दुरुस्तीच्या टेबलावर एकाच जातीचे कॅमेरे येऊन पडतात. शनिवार-रविवारी कुणी छिंदवाडा-तामियामार्गे पचमढी गाठलेली असते, कुणी सिवनी-लखनादौनवरून भेडाघाट. चिखलदऱ्याच्या धबधब्यांना तोवर पावसाळ्यातला जोर राहिलेला नसतो, म्हणून थंडीतली गर्दी या दोन ठिकाणी जास्त. "भाऊ, लेन्सले मोतीबिंदू झाला जणू, पाहून द्या न," असं म्हणत पिशवी पुढे सरकते.

यातल्या बहुतेकांना माझी गरजच नसते. ज्यांना असते, त्यातल्या बऱ्याच जणांचं नुकसान धबधब्यावर झालेलंच नसतं. ते होतं हॉटेलच्या खोलीत नाहीतर परतीच्या गाडीत, घाईने काहीतरी उपाय करताना. दरवर्षी हेच तोंडी सांगतो, या वेळी लिहून ठेवतोय.

लक्षणं

तुमचा त्रास यातला कोणता, ते आधी ओळखा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

- सगळा फोटो दुधाळ येतो, काळा रंग राखाडी दिसतो, दिव्याभोवती कडं येतं. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार.
- फोटो मधोमध धुकट आणि कडेला बरा.
- उजेडाकडे धरला की फोटोत पांढरे गोल ठिपके.
- प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच डाग, विशेषतः आकाशात.
- बॅटरी अर्धी दाखवत होती, अचानक कॅमेरा बंद. संध्याकाळी खोलीत पुन्हा चालू केला तर बॅटरी शिल्लक.
- फोकस पुढे-मागे घुटमळतो, किंवा लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा असा संदेश येतो.
- झूमची रिंग फिरवताना करकर, एखादं बटण दाबलं की आतच राहतं.
- मोबाइलच्या तीन कॅमेऱ्यांपैकी एकाच्याच काचेआड वाफ दिसते, किंवा चार्जिंगच्या जागी ओल असल्याची सूचना येते.

पहिली दोन लक्षणं असतील तर शंभरात नव्याण्णव वेळा पहिल्याच तपासणीत काम होतं. शेवटून दुसरं असेल तर मधलं सगळं सोडून 'इथे थांबा' या भागाकडे जा.

पहिली तपासणी, फुकटची: काहीच करू नका

कॅमेरा बंद करा, टेबलावर ठेवा आणि दोन तास त्याकडे बघू नका. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं.

कारण साधं आहे. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढलेला पाण्याचा स्टीलचा गिलास बाहेरून ओला होतो, तो काही गळत नसतो. गार धातूला लागून असलेली हवा थंड होते आणि तिला पेलवत नाही तेवढी वाफ पाणी होऊन बसते. कॅमेऱ्याचं तेच होतं. समजा खोली २२ अंशांवर आहे आणि आर्द्रता ६० टक्के. अशा हवेचा दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो. पहाटे आठ अंशांत दोन तास उभा राहिलेला तुमचा कॅमेरा त्या खोलीत आला की १४ अंशांपर्यंत गरम होईस्तोवर त्याच्यावर पाणी बसत राहणारच, तुम्ही कितीही पुसा. पुसलं की परत बसतं, परत पुसलं की परत बसतं, आणि प्रत्येक पुसण्यात काचेवरची धूळ घासली जाते.

धबधबा यात लागतोच असं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात फुटाळा तलावावर पहाटेचे फोटो काढून घरी परतलेलेही हीच तक्रार घेऊन आले. धबधब्याने एवढंच होतं की तुमचे कपडे, बॅग, पट्टा, पुसायचं फडकं, सगळं ओलं असतं आणि ती ओल तुमच्याबरोबर खोलीत किंवा गाडीत येते. गाडीत चार माणसं, काचा बंद, हीटर चालू, सगळ्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. त्या हवेत कॅमेरा बॅगेतून काढून "दाखव न कसे आले" म्हणत फिरवला की संपलं.

म्हणून थंडीतच, म्हणजे धबधब्यापाशी किंवा निदान गाडीत बसण्याआधी, कॅमेरा कोरडा टिपून झिप लागणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि हवा दाबून काढा. खोलीत आल्यावर पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमेल, कॅमेऱ्यावर नाही. पिशवी बंद ठेवूनच त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. लहान लेन्सला अर्धा-पाऊण तास, मोठ्या झूमला दोन तास. एक गोष्ट मात्र पिशवी बंद करण्याआधी करा: मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा. फोटो पाहायची घाई हेच पिशवी उघडण्याचं कारण असतं. कार्ड हातात असलं की फोटो लॅपटॉपवर बघता येतात, कॅमेरा निवांत पडून राहतो.

कॅमेऱ्यावर तुषार नाही तर पाणीच पडलं असेल, तर मात्र बंद करून बॅटरीही काढा आणि कोरडा झाल्याची खात्री होईपर्यंत चालू करून बघू नका.

दुसरी: फिल्टर काढून बघा

दोन तासांनीही धूसर दिसतंय? पुढचा फिल्टर काढा. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून शटर अर्ध्या ते दोन सेकंदांवर नेतात आणि त्यासाठी गडद एनडी फिल्टर लावतात. पुष्कळ जण तो आधीच्या यूव्ही फिल्टरवरच चढवतात. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा बाहेर पडत नाही आणि वाफ आतल्या बाजूंना धरते. बाहेरून कितीही पुसलं तरी ती तशीच राहते आणि माणूस समजतो लेन्स गेली.

गारठ्यात फिल्टर अडकून बसला असेल तर पक्कड लावू नका. भाजीच्या जुडीला असतो तसा रुंद रबर कडेला गुंडाळा आणि हलक्या हाताने फिरवा. जोरात आवळून धरलं तर रिंग वाकते आणि आणखी घट्ट बसते.

तिसरी: धुकं नेमकं कुठल्या काचेवर आहे?

मोबाइलचा टॉर्च पुरतो. कोरड्या खोलीत लेन्स काढा, मागून तिरपा उजेड टाका आणि पुढून बघा. मग उलट करा. डोळा हळूहळू आत न्या: पुढची काच, मधल्या काचा, छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) पात्या, मागची काच.

सारखी, बारीक, श्वास सोडल्यासारखी वाफ म्हणजे ओल. ती आतल्या काचेवर असली तरी बऱ्याचदा जाते. झाडाच्या मुळांसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, ती आपोआप जात नाही. पात्यांवर तेलकट चकाकी म्हणजे वंगण उतरलंय. सुटे धूलिकण दिसले तर दुर्लक्ष करा, टॉर्चखाली नवी कोरी लेन्सही मळकी दिसते. या टॉर्चनेच माणसं उगाच घाबरतात हेही खरं.

लेन्स स्वच्छ आहे, फोटोही स्वच्छ आहे, फक्त डोळा लावायच्या भिंगातून धुकट दिसतंय, असंही होतं. तो तुमच्याच श्वासाचा प्रताप. मास्क किंवा मफलर नाकावर असेल तर नक्कीच.

चौथी: पुसणं, पण क्रमाने

आधी हवेचा पंप, मग मऊ ब्रश, मग स्वच्छ मायक्रोफायबरचं कापड, शेवटी लेन्सचं द्रावण, तेही कापडावर दोन थेंब. काचेवर थेट टाकलं तर ते कडेने आत उतरतं. हा क्रम अशासाठी की धबधब्याच्या तुषारांबरोबर बारीक रेतीही उडते. पंपाने ती उडवली नाही आणि थेट फडकं फिरवलं, तर तुम्ही काचेवर सँडपेपर फिरवताय.

पांढरे गोल ठिपके म्हणजे वाळलेल्या थेंबांतले क्षार. कोरड्या कापडाने ते निघत नाहीत, ओरखडे मात्र निघतात. दवाखान्यात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर कापडाला किंचित लावून ठिपका आधी भिजू द्या, मग टिपा. शर्टाचं टोक, रुमाल, टिश्यू, आणि 'हाऽ' करून तोंडाची वाफ, हे चारही बंद. वाफेने तर तुम्ही आणखी ओल देताय.

पाचवी: बॅटरी आणि कॉन्टॅक्ट

गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो, आणि कॅमेऱ्याने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. ती संपलेली नसते. शर्टाच्या आतल्या खिशात अंगाशी धरून वीस मिनिटं ठेवा, पुन्हा लावा. दोन बॅटऱ्या असतील तर एक कॅमेऱ्यात, एक अंगाशी, अशी आलटून-पालटून वापरा. गार बॅटरी हॉटेलात पोचल्या पोचल्या चार्जरला लावू नका. आधी तिला खोलीचं तापमान घेऊ द्या.

घरी आल्यावर ऊबदार खोलीतही ती तशीच पडत असेल, तर बॅटरीचं वय झालंय. फुगलेली असेल तर वापरणं आजच बंद.

लेन्स आणि बॉडीमधले सोनेरी टिकल्यांसारखे कॉन्टॅक्ट कोरड्या कापडाने टिपा, हवं तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून. फोकस घुटमळण्याची निम्मी प्रकरणं इथे मिटतात. पेन्सिलच्या खोडरबराने घासायचा सल्ला सगळीकडे फिरतो. मी करत नाही. मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा आत पडतो.

सहावी: सिलिका जेलचा डबा

आतल्या काचेवर वाफ राहिलीच असेल तर थोडा खर्च करा. इतवारीत केमिकलवाल्यांकडे सिलिका जेल सुटं मिळतं. अर्धा किलो आणा, पातळ कापडाच्या दोन पुरचुंड्या करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लेन्सची दोन्ही झाकणं काढून लेन्स त्यांच्या शेजारी डब्यात ठेवा, पुरचुंडी काचेला टेकू देऊ नका. २४ तासांनी बघा, नाहीतर ४८.

निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, नारंगी दाणे हिरवट. परत गरम केले की पुन्हा चालतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जायच्या लायकीचा नाही. त्यामुळे स्वयंपाकाची कढई त्यासाठी घेऊ नका, जुनी वेगळी ठेवा. शक्यतो नारंगीच आणा. आणि हो, तांदूळ. तांदळाच्या डब्यात पुरलेले कॅमेरे मी उघडले आहेत. ओल तशीच होती, वर झूमच्या खाचेत पांढरी पूड. तांदूळ खिचडीसाठी राहू द्या.

आता हीटर आणि ऊन. गच्चीवर संत्र्याच्या साली वाळतात तशी लेन्स वाळत नाही. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा पचमढीहून आला. बी फॉलच्या कुंडाजवळ लेन्सवर तुषार बसले होते, एवढंच. परतताना त्याने ती गाडीच्या हीटरच्या जाळीसमोर तामियापासून छिंदवाड्यापर्यंत धरून ठेवली. वाफ गेली. पण फोकसच्या खाचेतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरलं. मी उघडली तेव्हा पात्या एकमेकींना चिकटून एकत्र सरकत होत्या, चिमट्याने एक उचलली तर दुसरी तिच्याबरोबर वर येत होती, बोटाला मधासारखी तार येत होती. पाण्याने काही बिघडलं नव्हतं. हेअर ड्रायरनेही हेच होतं. उन्हात तर वर आणखी एक धोका: उघडी लेन्स लावलेला कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर भिंगाने कागद जळतो तसं आत जळू शकतं.

सातवी: सेन्सर

छिद्र एफ १६ वर ठेवून कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. डाग स्पष्ट आणि काळा असेल तर धूळ, पुसट कडेचा गोल असेल तर वाळलेला थेंब. धुळीसाठी बॅटरी पूर्ण भरून, कॅमेऱ्याच्या मेन्यूतून सफाईचा पर्याय चालू करून, तोंड खाली धरून हवेचा पंप मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. वाळलेल्या थेंबाला मात्र ओला स्वॅब लागतो आणि तिथे पहिल्यांदाच हात चालवणाऱ्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर शिकू नये असं माझं मत आहे.

इथे थांबा, दुरुस्तीवाल्याकडे जा

कॅमेरा पाण्यात पडला असेल तर वरचं काहीच करू नका. बॅटरी आणि कार्ड काढा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पोचवा. ओलं आणि वीज एकत्र आली की सर्किटवर गंज वेगाने धरतो. उघडल्यावर बटणाच्या पट्टीच्या टोकाशी मोहरीएवढा हिरवट ठिपका दिसतो, त्याभोवती पांढरी पापडी. आठवडाभर थांबलेल्या कॅमेऱ्यात तो ठिपका पट्टीच खाऊन टाकतो.

आणखी या वेळी थांबा: ४८ तास डब्यात ठेवूनही आतल्या काचेवर वाफ आहे, धाग्यांसारखी फंगस दिसते, पात्या तेलकट आहेत, झूम करकरतो, बटण अडकतंय, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा-पांढरा थर आहे, किंवा चालू केल्यावर जळका वास आला. फंगस थोडी असेल तर 'पाहू नंतर' म्हणू नका. ती काचेवरचा लेप खाते, मग साफ केल्यावरही तिचा नकाशा उरतो. डिसेंबरात शिरलेली ओल नागपूरच्या उन्हाळ्यात दबून राहते आणि श्रावणात जाळं होऊन दिसते, तेव्हा कुणाला भेडाघाट आठवतही नाही.

मोबाइल घरी उघडूच नका. काचेआडची वाफ एका दिवसात गेली नाही तर सील गेलंय. पाणी-धूळ आत जात नाही असं सांगणारं आयपी ६८ लिहिलेलं असलं तरी ते नव्या फोनसाठी असतं, दोनदा पडलेल्या आणि स्क्रीन बदललेल्या फोनसाठी नाही. चार्जिंगची जागा ओली असेल तर कोरडी होईपर्यंत केबल लावू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून, धबधब्यावरच

बिघाड तिथून सुरू होतो, आणि तिथे कॅमेऱ्यापेक्षा तुमच्या हातापायांकडे लक्ष द्यावं लागतं. आपटून आलेल्या कॅमेऱ्यांची गोष्ट विचारली की बहुतेक वेळा "बोटं बधिर झाली होती" हेच ऐकतो. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घाला, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आधी, लेन्स बदलणं नंतर. खरं तर तुषारांत लेन्स बदलूच नका.

हिवाळ्यात पाणी ओसरतं आणि पावसाळ्यात बुडालेले खडक उघडे पडतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते कोरडे वाटतात, पण त्यांच्यावर शेवाळ असतं आणि वर रात्रीचं दव. भेडाघाटचा संगमरवर तर मुळातच गुळगुळीत. तिथल्या धुआँधार धबधब्याच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खालची पातळी वाढते, मग निरभ्र आकाश बघून उपयोग नाही. कठड्याच्या पुढे, खडकाच्या टोकावर ट्रायपॉड लावणारे मी पाहिले आहेत. त्या कोनातून फोटो बरा येतो हेही खरं आहे, तरी जाऊ नका. कठड्याच्या आत राहून लांब लेन्स लावा.

वारा तुमच्या पाठीमागून येईल अशी जागा निवडा. दोन फोटोंच्या मधे लेन्सचं तोंड जमिनीकडे ठेवा. हॉटेलात मिळते ती अंघोळीची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवली तर चांगली बसते. काही हवामानरोधक लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, तुमच्या लेन्सची पुस्तिका एकदा बघा. आणि बदलायचे मोजे, पँट गाडीत ठेवा. भिजलेल्या जीन्सवर वारा लागला की आठ-दहा अंशांतही अंग झपाट्याने गार पडतं. सोबतचा माणूस थरथरतोय इथवर ठीक, त्याला कोरडे कपडे आणि गोड चहा द्या. तो अडखळत बोलायला लागला, शुद्धीत नसल्यासारखा वागला, किंवा थरथरणंच थांबलं आणि तो सुस्त झाला, तर फोटो राहू द्या, १०८ ला फोन लावा.

मग सोमवारी माझ्याकडे किंवा कुणाकडेही याल तेव्हा इतकं सांगा: कुठे गेला होता, नुसते तुषार होते की पाणी पडलं, नंतर किती वेळा चालू करून बघितला, आणि वाळवायला काय केलं. "काहीच नाही केलं भाऊ" असं सगळेच म्हणतात. हीटर लावला असेल तर तेही सांगून टाका, रागावत नाही. लेन्स उघडली की पात्या सांगतातच, फक्त तेवढा माझा तास वाचतो आणि तुमचे पैसे.